टॉवर लाइनचं काम: गावाशी बोलण्याचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

नेहमीचा प्रकार असा. सर्व्हेची माणसं येतात, बांधावरच्या दगडावर लाल रंगाने नंबर टाकतात, कुणी विचारलं तर "रस्त्याचं मोजमाप आहे" असं काहीतरी सांगून जातात. सात-आठ महिन्यांनी उभ्या हरभऱ्यात जेसीबी शिरतो. शेतकरी आडवा पडतो. संध्याकाळी साइट ऑफिसातून अहवाल जातो, "ग्रामस्थांचा तीव्र विरोध." प्रत्यक्षात त्या माणसाचा विजेला विरोध नसतो, बहुतेक वेळा टॉवरलाही नसतो. सगळं ठरून झाल्यावर आपल्याला विचारायला आले, याचा त्याला राग असतो.

हा लेख महापारेषण (राज्याची वीज पारेषण कंपनी), पॉवरग्रिड (केंद्राची) किंवा खासगी पारेषण परवानाधारकांचे साइट इंजिनिअर, सर्व्हे एजन्सीची माणसं आणि कंत्राटदाराचे सुपरवायझर यांच्यासाठी आहे. संदर्भ महाराष्ट्राचा धरला आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत पारेषण वाहिन्या नाहीत. म्हणजे धरण किंवा खाणीसारखी सक्तीची जनसुनावणी इथे होत नाही. वर्तमानपत्रातली जाहीर सूचना गावात कुणी वाचत नाही. लोकांना समोरासमोर सांगण्याचा मंच तुम्ही उभा केला नाही तर तो कुणीच करणार नाही, आणि मग जेसीबीपुढेच सभा भरते.

## टप्पा १: आपल्या हातात काय अधिकार आहे ते आधी वाचा

गावात जाण्यापूर्वी फाइलमध्ये तीन कागद हवेत आणि ते तुम्ही स्वतः वाचलेले हवेत.

पहिला, विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६८ खालची, वरून जाणारी वाहिनी टाकण्याची मंजुरी. दुसरा, कलम १६४ खालचा आदेश. हा आदेश असेल तर भारतीय तार अधिनियम १८८५ मधले तार प्राधिकाऱ्याचे अधिकार परवानाधारकाला मिळतात. दूरसंचार अधिनियम २०२३ आल्यामुळे तार अधिनियम संपला, असं गावातला एखादा वकील सांगेल. पारेषण वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग चालू ठेवलेला आहे, हे उत्तर तयार ठेवा. कलम १६४ चा आदेश नसेल तर २००६ चे परवानाधारकांच्या कामांचे नियम लागतात. त्यानुसार मालकाची किंवा कब्जेदाराची पूर्वसंमती घ्यावी लागते, आणि त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी.

तिसरा कागद म्हणजे नुकसानभरपाईचा सध्या लागू असलेला शासन निर्णय. त्याबद्दल पुढे.

तार अधिनियमाच्या कलम १० मध्ये तीन गोष्टी आहेत आणि त्या साध्या मराठीत सांगता आल्या पाहिजेत. जमिनीची मालकी जात नाही, फक्त वापराचा हक्क येतो. नुकसान कमीत कमी करायचं. जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. याच कलमात आणखी एक बारकावा आहे. जी मालमत्ता ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या ताब्यात वा व्यवस्थापनात आहे, तिथे त्या संस्थेची परवानगी लागते. बरेच जण याच्या नेमकं उलट करतात. खासगी शेतासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मागत महिनोन्महिने हेलपाटे घालतात आणि पंचायतीच्या जागेत न विचारता खड्डा घेतात.

सावधान: "आम्हाला तार कायद्याचे अधिकार आहेत, संमतीची गरज नाही" हे वाक्य कायद्याने बरोबर असेल, पण पहिल्या भेटीत उच्चारलं की पुढची वर्षभराची बोलणी तिथेच संपतात.

## टप्पा २: मार्ग अजून कागदावर असताना माणसांची यादी करा

यादी म्हटलं की सातबारावरची नावं, असा समज आहे. ती नावं पाचव्या टप्प्यात. इथे हवी असते ती गावाची यादी, म्हणजे कोण बाधित होणार, कोण अडवू शकतं, कुणाकडे माहिती आहे आणि कुणाला कुणी विचारतच नाही.

सरपंच, पोलीस पाटील, तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी ही नावं सगळे लिहितात. राहून जातात ती ही: वाट्याने जमीन कसणारा, ज्याचं पीक मोडणार पण ज्याचं नाव कुठेच नाही. पुण्या-मुंबईला राहणारा सहहिस्सेदार, जो दिवाळीला येतो आणि झालेला करार मोडतो. पाणीवापर संस्थेचा सचिव, कारण चारी किंवा पाइपलाइन कुठून गेली आहे ते त्यालाच माहीत असतं. मेंढपाळ, ज्यांचा वाडा ठरलेल्या पडीक जमिनीवर बसतो. डोंगरी भागात वनहक्क समिती. सांगली-नाशिक पट्ट्यात द्राक्ष बागायतदारांची गावपातळीवरची मंडळी. शिवारात काम करणाऱ्या बायका, ज्यांचं नाव सातबारावर क्वचित असतं, पण कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं ते त्यांना अचूक माहीत असतं.

शेताशी संबंध नसलेले लोकही यादीत हवेत. गोव्यात मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीविरुद्ध २०२० मध्ये विद्यार्थी, शास्त्रज्ञ, कलाकार उभे राहिले. त्यातले फार थोडे बाधित जमिनीचे मालक होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेलं आणि समितीने एप्रिल २०२१ मध्ये वाहिनी आधीपासून असलेल्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच (तारांखालच्या आणि दोन्ही बाजूंच्या ठरावीक रुंदीच्या जागेतूनच) न्यावी अशी शिफारस केली. तो पट्टा पहिल्या दिवसापासून नकाशावर होता. जुन्या पट्ट्याचा पर्याय तपासला का, आणि नाकारला असेल तर का, याची एक पानी नोंद सुरुवातीलाच करून ठेवा. पुढे प्रत्येक सभेत हाच प्रश्न येतो.

आणखी एक. गावात दोन गट असतातच. पहिला चहा कुणाच्या ओट्यावर प्यायलात ते गाव बघतं. पहिली भेट ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात ठेवा, आणि सरपंचांना कळवलं त्याच दिवशी विरोधी गटाच्या सदस्यालाही कळवा.

## टप्पा ३: खुंट्या पक्क्या होण्याआधी शिवार चाला

सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका हाच उरकला जातो.

कारण तांत्रिक आहे. वाहिनी वळते ते अँगल पॉइंट एकदा पक्के झाले की मधली रेषा ठरते. नंतर एखादा मधला टॉवर रेषेतच थोडा मागेपुढे सरकवता येतो, पण आडवा सरकवता येत नाही. आडवा सरकवायचा तर अँगल पॉइंट हलतो, आणि तो हलला की दोन्ही बाजूंच्या प्रत्येक शेतातून जाणारी तार हलते. म्हणून शेतकऱ्याचं ऐकायची खरी वेळ प्राथमिक सर्व्हे आणि चेक सर्व्हे (टॉवरच्या जागा जमिनीवर पक्क्या करणारा शेवटचा सर्व्हे) यांच्या मधली. चेक सर्व्हेनंतर घेतलेली बैठक म्हणजे निरोप सांगणं, कारण ऐकलेल्या सूचनेचं काही करण्याची सोय तेव्हा उरलेली नसते.

काय करायचं ते क्रमाने:

१. तीन पर्यायी मार्ग गावनकाशावर, गट नंबरांसह काढा. उपग्रहाचं चित्र सोबत ठेवा, पण बोलणं गावनकाशावर करा, कारण लोक जमीन गट नंबराने ओळखतात.

२. गावातल्या चार-पाच माहीतगार माणसांना घेऊन प्रत्यक्ष चाला. उपग्रहाच्या चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी नोंदवा: नवी बोअर, जमिनीखालची पाइपलाइन, स्मशानभूमी, म्हसोबाचा दगड, बांधकामाची परवानगी घेतलेला प्लॉट, यंदा लावलेली डाळिंबाची रोपं.

३. प्रत्येक सूचना एका वहीत उतरवा आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: मान्य, अमान्य, तपासून सांगतो. "तपासून सांगतो"पुढे तारीख घाला.

४. त्या तारखेला उत्तर द्या. नकारार्थी असलं तरी द्या.

लोक काय मागतात हे साधारण ठरलेलं असतं. टॉवर बांधावर घ्या, विहिरीपासून लांब घ्या, घरावरून तार नको, शेताच्या मधोमध नको. यातलं बांधावरचं मागणं ऐकायला सोपं वाटतं, पण तिथे थांबा. बांधावर टॉवर म्हणजे दोन पाय एकाच्या शेतात, दोन शेजाऱ्याच्या. दोघांत बांध कोरल्याचा जुना वाद असेल तर टॉवरच्या पैशावरून तो कोर्टात जातो. भूमी अभिलेखकडून मोजणी करून, दोघांच्या सह्या झाल्यावरच बांध घ्या.

उपाय तुमच्याकडेही असतात, ते लपवू नका. बाग वाचवायची असेल तर टॉवरची उंची एक्स्टेन्शनने (पायांना जादा तुकडा जोडून) वाढवता येते, अरुंद जागेत मोनोपोल, म्हणजे एकाच खांबाचा टॉवर, बसतो. खर्च वाढतो, म्हणून कंत्राटदार हे स्वतःहून सांगत नाही. सांगायचं काम परवानाधारकाच्या इंजिनिअरचं.

तपासा: तुमच्या मार्गात या चालण्यामुळे एक तरी बदल झाला का? लांब वाहिनीत एकही झाला नसेल, तर एक तर तुमचा सर्व्हे अफाट चांगला आहे किंवा तुम्ही कुणाचं ऐकलेलं नाही.

## टप्पा ४: बैठक घ्या, पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नाही

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवसांच्या ग्रामसभेत घरकुलाच्या याद्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं असतं. तिथे पाच मिनिटं मिळतात आणि त्यात गोंधळच होतो. स्वतंत्र बैठक मागा, सात दिवस आधी दवंडी आणि व्हॉट्सअॅप दोन्ही करा, वेळ संध्याकाळची ठेवा. वाड्या-पाडे लांब असतील तर प्रत्येक पाड्यावर वेगळी.

बैठकीत सांगायच्या गोष्टी: वाहिनी किती केव्हीची, पट्टा किती रुंद, कुठल्या गटातून, कामाचे टप्पे कोणते, पैसे कशाचे व कधी, तक्रार कुणाकडे. पट्ट्याची रुंदी १३२ केव्हीला २७ मीटर, २२० केव्हीला ३५ मीटर, ४०० केव्ही दुहेरी सर्किटला ४६ मीटर धरली जाते. नुसतं तोंडी सांगू नका. शाळेच्या मैदानावर फक्कीने ३५ मीटरच्या दोन रेषा मारून दाखवा. वीस मिनिटांच्या भाषणाने न होणारं काम तेवढ्याने होतं.

लाइन झाल्यावर काय करता येणार नाही, ते आधी सांगा: पट्ट्यात घर, गोठा, शेड बांधता येत नाही. आंबा, नारळ, निलगिरी अशी उंच वाढणारी झाडं ठेवता येत नाहीत. कडब्याची गंजी तारेखाली रचायची नाही. बोअरचं मशीन तारेखाली उभं करायचं नाही. उसाचं पाचट तारेखाली पेटवायचं नाही, धुरामुळे आणि ज्वाळांमुळे लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. आणि काय करता येतं तेही सांगा: सोयाबीन, कापूस, गहू, ऊस, भाजीपाला सगळं घेता येतं, ट्रॅक्टर चालतो.

भीतीचे प्रश्न येतील. "खाली ट्यूब लावली तर पेटते म्हणतात." हो, ४०० केव्हीच्या तारेखाली हातात धरलेली ट्यूब मंद उजळू शकते. नाकारू नका, समजवा. तारेभोवती विद्युतक्षेत्र असतं. पट्ट्याच्या कडेला ते प्रति मीटर ५ किलोव्होल्टच्या मर्यादेत राहील अशी रचना करतात, आणि पट्ट्याची रुंदी ठरवताना हेही एक कारण असतं. पावसाळी हवेत तारांची चरचर ऐकू येते, तीही आधी सांगून ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे त्याच दाबाच्या जवळच्या चालू लाइनखाली गावातल्या आठ-दहा जणांना न्या, मीटर लावून आकडा दाखवा, आणि तिथल्या शेतकऱ्याशी त्यांना एकट्याने बोलू द्या. तुम्ही जरा लांब उभे राहा.

द्राक्षबागेचं उत्तर वेगळं आहे. मांडवाचे लोखंडी अँगल आणि लांबच लांब तारा अतिउच्चदाब लाइनखाली समांतर गेल्या की त्यांत प्रेरणाने, म्हणजे लाइनला न चिकटताही, विजेचा दाब येतो, आणि छाटणी करणाऱ्या माणसाला झटका बसतो. बागाईतदाराने "करंट येतो" म्हटलं तर तो मनाचे खेळ करत नाही. मांडवाच्या तारांना ठरावीक अंतरावर अर्थिंग करून देणं हे तुमचं काम आहे आणि ते करारात लिहा. तारेच्या कुंपणालाही तेच लागू.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत, ग्रामसभेचा अर्थच वेगळा आहे. पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. वनजमीन असेल तर वनहक्काचे दावे निकाली निघाले का, हे आधी पाहावं लागतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये वाहिन्यांसारख्या रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली होती, पण आदिम जमातींचे हक्क बाधित होत असतील तिथे ती सूट नव्हती. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात. "लाइनला ग्रामसभा लागत नाही" असं सल्लागाराने ठोकून सांगितलं, तरी तुमच्या पट्ट्यात कातकरीवाडी आहे का ते स्वतः जाऊन बघा आणि वन विभागाकडून लेखी घ्या.

सावधान: हजेरीच्या कोऱ्या कागदावर सह्या घेऊन त्यालाच पुढे "संमतीपत्र" जोडणं ही फसवणूक आहे. ती उघडी पडली की त्या गावातच नव्हे, पुढच्या दहा गावांत तुमचं काम थांबतं.

## टप्पा ५: सातबारा, वारस आणि कब्जा

आता मालकांकडे. ताजा सातबारा, आठ-अ आणि गेल्या काही वर्षांचे फेरफार काढा. जुन्या प्रतीवर काम केलं तर पैसे मेलेल्या माणसाच्या नावे निघतात.

इथे अडणाऱ्या गोष्टी अशा. वारसनोंद झालेली नाही. बहिणींची नावं आहेत, पण भाऊ म्हणतो "त्यांचं काही नाही." सामायिक खातं आहे आणि प्रत्यक्ष वाटणी तोंडी. कूळ आहे. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन आहे. देवस्थान इनाम आहे. बँकेचा बोजा आहे. यातलं काहीही असलं तरी घाईत एकाच भावाच्या खात्यात सगळी रक्कम टाकू नका. सगळ्यांची सहमती लेखी घ्या किंवा हिश्श्याप्रमाणे वेगवेगळे पैसे द्या. कुणाला किती यावर वाद असेल तर तार अधिनियमाच्या कलम १६(४) प्रमाणे रक्कम जिल्हा न्यायालयात जमा करता येते. कुटुंबाच्या भांडणात पंच होण्यापेक्षा ती वाट बरी.

जमिनीच्या मूल्याचा पैसा मालकाचा, पिकाचा पैसा ज्याने पेरलं त्याचा. वाटेकऱ्याचं नाव पंचनाम्यात कब्जेदार म्हणून आलंच पाहिजे.

दलाल नकोत. कंत्राटदाराची "आरओडब्ल्यू (राइट ऑफ वे, म्हणजे वाहिनीच्या जागेचा हक्क) बघणारी" माणसं बऱ्याचदा भरपाईतून टक्का कापतात आणि गावात सगळ्यांना ते माहीत असतं, तुम्हाला सोडून. पैसे फक्त थेट बँक खात्यात, आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर.

## टप्पा ६: भरपाईचा हिशेब शेतकऱ्याच्या हातात द्या

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ६६ केव्ही व त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. टॉवरखालच्या जागेसाठी जमीन मूल्याच्या २०० टक्के, पट्ट्यासाठी ३० टक्के. आधीच्या, ऑक्टोबर २०१५ च्या सूचनांत हेच आकडे ८५ टक्के आणि कमाल १५ टक्के होते. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधलं क्षेत्र अधिक प्रत्येक बाजूला १ मीटर. मार्च २०२५ च्या पुरवणी सूचनांत शहरी भागांसाठी पट्ट्याचा दर वाढवला: नगरपालिका, नगरपंचायत क्षेत्रात ४५ टक्के, महानगरपालिका व महानगर क्षेत्रात ६० टक्के. राज्याने स्वतःचा शासन निर्णय काढलेला असतो. तुमच्या कामाला कुठला लागू आहे ते प्रांत कार्यालयातून लेखी घ्या, आणि ती प्रत बैठकीत वाटा.

हिशेब असा मांडा. उदाहरणापुरतं धरू, दर हेक्टरी १२ लाख, म्हणजे चौरस मीटरला १२० रुपये. टॉवरचे पाय ८ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे जागा १० गुणिले १०, १०० चौरस मीटर. २०० टक्क्यांनी २४,००० रुपये. आता त्याच शेतातून २२० केव्हीची तार १५० मीटर जाते. ३५ गुणिले १५० म्हणजे ५,२५० चौरस मीटर, ३० टक्क्यांनी १,८९,००० रुपये. टॉवरची जागा त्यातून वजा केली तरी फारसा फरक पडत नाही.

म्हणजे मोठा पैसा टॉवरचा नाही, तारेचा आहे. हे बहुतेक शेतकऱ्यांना माहीत नसतं, आणि पायाच्या वेळी फक्त टॉवरवाल्यांशी बोलणारे इंजिनिअर ते सांगतही नाहीत. परिणाम असा की पाया विनातक्रार होतो, टॉवर उभा राहतो, आणि तारा ओढायच्या दिवशी ज्यांच्या शेतात टॉवरच नाही ती माणसं उभी ठाकतात. पट्ट्यातल्या प्रत्येक मालकाला पहिल्याच फेरीत त्याच्या हिशेबाचा कागद द्या.

दर कमी आहे ही तक्रार येणारच, कारण रेडी रेकनर (जमिनीच्या सरकारी दरांचा तक्ता) आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत फरक असतो. केंद्राच्या सूचनांत बाजारभाव ठरवण्याची वाट आहे. ती वापरा. रक्कम अपुरी वाटली तर कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते, हे त्याच कागदावर खाली छापा. केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध लिविशा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की जमिनीचं ठिकाण, तारेपासूनचं अंतर, तार किती भागावरून जाते, जमीन लहान आहे का, हे सगळं पाहून भरपाई ठरते. अर्ध्या एकराच्या मधून तार गेलेल्या माणसाचं नुकसान दहा एकरवाल्याएवढंच धरता येत नाही.

तपासा: हिशेबाच्या कागदावर क्षेत्र, दर, टक्का, रक्कम, कुणाच्या खात्यात, कुठल्या टप्प्यावर, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम आहे का?

## टप्पा ७: नोटीस, पंचनामा, मग खोदाई

नोटीस मराठीत, गट नंबरासह, कामाच्या तारखेसह. पोस्टाने पाठवून भागत नाही, हातात द्या आणि पोच घ्या.

पंचनामा खोदाईच्या आधी. तलाठी, कृषी सहायक, शेतकरी, तुमचा माणूस आणि दोन पंच. पीक कुठलं, वाढ किती, ठिबक आहे का, पाइपलाइन कुठे, झाडं किती व किती घेराची, सगळं फोटोसह. पाया, टॉवर उभारणी आणि तारा ओढणं हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येक वेळी पीक वेगळं असतं. एकाच पंचनाम्यावर तिन्ही उरकायचे नाहीत.

हंगाम बघा. कोकणात भात उभं असताना शिरू नका. सोयाबीन निघाल्यावर आणि रब्बी पेरण्याआधी थोडी फट मिळते, मार्च ते मे मोठी मोकळीक. द्राक्षाला ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत हात लावू नका. तिथे एका दिवसाची घाई शेतकऱ्याचं वर्ष घालवते.

खोदाईत वरची काळी माती वेगळ्या ढिगात, खालचा मुरूम वेगळ्या ढिगात. भरताना आधी मुरूम, वर माती. ही एवढीशी गोष्ट न केल्यामुळे टॉवरभोवतीचा तुकडा पुढे कित्येक वर्षं नापीक राहतो. जेसीबी आणि काँक्रीटच्या गाड्या कुठल्या वाटेने येणार तेही पंचनाम्यात लिहा. वाट ज्याच्या शेतातून जाते त्याच्याकडे ना टॉवर असतो ना तार, पण चाकोऱ्या त्याच्याच शेतात पडतात.

## टप्पा ८: तारा ओढणं

ओढण्याआधी आठवडाभर पट्ट्यातल्या प्रत्येकाला पुन्हा भेटा. पट्ट्याच्या पैशाचा हप्ता देय झाला असेल तर आधी तो द्या. बाग किंवा उभा ऊस असेल तर पहिली दोरी ड्रोनने टाका, माणसांनी पिकातून ओढत नेऊ नका. रस्ता आणि चालू विजेच्या तारांवर संरक्षक सांगाडे उभारल्याशिवाय काम नाही, आणि वितरणची लाइन किती वेळ बंद राहणार ते आदल्या दिवशी गावाला कळवा. पंप बंद पडल्याचा राग ठेकेदारावर निघतो.

## टप्पा ९: तरीही अडलं तर

अडवणाऱ्यांचे प्रकार वेगळे करा. मागणी पैशाची आहे, जागेची आहे, घरातल्या वाटणीची आहे, की गावकीच्या राजकारणाची? पहिल्या दोन्हींना तुमच्याकडे उत्तर असतं. तिसऱ्याला न्यायालयात रक्कम जमा. चौथ्याला वेळ.

यातलं काहीच चाललं नाही तर कलम १६(१) खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. अर्जासोबत भेटींच्या तारखा, दिलेले हिशेब, मागितलेले बदल आणि त्यांची उत्तरं जोडा. तिसऱ्या टप्प्यातली ती वही इथे कामाला येते. शेतकऱ्याला म्हणणं मांडायची संधी मिळाल्याशिवाय आदेश मागू नका, मिळाला तरी टिकायला कठीण जातं. आणि पोलीस बंदोबस्त आदेशातल्या त्या एका टॉवरपुरताच वापरा. बंदोबस्त आलाच आहे तर शेजारची चार ठिकाणंही उरकून घेऊ, या हुशारीने आतापर्यंत शांत असलेली चार घरं विरोधात जातात.

## टप्पा १०: लाइन चार्ज होण्याआधी आणि नंतर

चार्ज करण्याच्या, म्हणजे तारांत वीज सोडण्याच्या, आधी गावात तारीख जाहीर करा, शाळेत मुलांना सांगा, टॉवरवर धोक्याचे फलक आणि चढता येऊ नये म्हणून काटेरी तार लावा. मांडव व कुंपणांचं अर्थिंग तपासून शेतकऱ्याची सही घ्या.

उरलेलं काँक्रीट, बांधणीची तार, तुटलेले बोल्ट गोळा करून न्या. नांगराला लागलेला लोखंडाचा तुकडा शेतकरी जपून ठेवतो आणि पुढच्या लाइनच्या बैठकीत टेबलावर आणून ठेवतो. मोडलेला बांध, फुटलेली पाइपलाइन, चाकोऱ्या दुरुस्त झाल्याचा दाखला कंत्राटदाराच्या शेवटच्या बिलाला जोडायची अट निविदेतच घाला. नंतर घालता येत नाही.

तक्रारवही गावात ठेवा आणि देखभाल करणाऱ्या उपविभागाचा फोन टॉवरच्या पाटीवर रंगवा. प्रकल्पाची टीम निघून गेल्यावर झाडं छाटायला येणारी माणसं वेगळी असतात. हिशेबाचे कागद, अर्थिंगच्या नोंदी आणि कुणाला काय कबूल केलं होतं त्याची यादी त्यांच्याकडे सहीनिशी सोपवा.